लाँड्रीबद्दल मी कोणाला बोलले नाही

१५ एप्रिल, सोमवार. जीलाँग, घरी.

ही वही डॉक्टरीणबाईंनी माझ्या गळ्यात मारली. रक्तदाब वर गेलाय म्हणे. नोला, राग माणसांवर काढू नका, कागदावर काढा. मी म्हटलं, मला राग येतच नाही. त्या आपल्या यंत्राकडे बघत राहिल्या. यंत्र जुनं होतं, मी तसं तोंडावर सांगितलं. बाहेर बसलेल्या लोकांनी माना वर केल्या. म्हणजे दार नीट लागत नव्हतं. दवाखान्याला दार लावता येत नाही आणि मला रक्तदाब शिकवतात.

उद्या टेगनला घेऊन निघायचं. टेगन म्हणजे माझी नात. मला नॅन म्हणते, मर्वला पॉप म्हणायची. नर्स झाली आहे. पुढच्या आठवड्यात अ‍ॅलिस स्प्रिंग्जला हॉस्पिटलात लागणार. तिथून कुठल्याही बाजूला निघा, समुद्र लागेपर्यंत माणूस म्हातारा होतो. त्याआधी तिला लाँड्री दाखवायची आहे.

लाँड्री म्हणजे मर्वची लाट. ऑटवेच्या जंगलापलीकडे, एका गोठेवाल्याच्या कुरणामागे, कड्याखाली. मर्व चाळीस वर्षं तिथे एकटा सर्फिंग करायचा. लोकांना कळू नये म्हणून म्हणायचा, लाँड्रीला जाऊन येतो. मी डबा घेऊन बरोबर. जगात हे गुपित दोघांना ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी तो गेला, उरले मी.

जाताना हॉस्पिटलात म्हणाला, आपल्या घरातल्या कोणीतरी ती लाट घ्यावी. आणि नोला, तू बघ. बघ या शब्दावर जोर दिला. का ते मला आजवर कळलं नाही. मी काय चाळीस वर्षं डोळ्यांवर पट्टी बांधून बसले होते?

माझा मुलगा क्रेग लाट घेईल अशी आशा नाही. तो स्विमिंग पूलच्या फरशा विकतो आणि पाणी घोट्याच्या वर आलं की ओरडतो. टेगन मात्र मर्वची. पाण्यात मासळी.

तर ठरलं. लाँड्रीबद्दल अवाक्षर नाही. कोणावर आवाज चढवायचा नाही. आणि शनिवारी मोठी लाट येणार आहे, तेव्हा कड्यावर खुर्ची टाकून नुसतं बघायचं. अवघड काय आहे त्यात?

१६ एप्रिल, मंगळवार. अँगलसी.

निघायला उशीर झाला, टेगनमुळे. मी फक्त तिच्या बॅगेतलं सगळं काढून परत नीट भरलं.

मर्वची पिवळी व्हॅन मीच चालवतेय. टेगन म्हणाली, नॅन, मी चालवू का? मी म्हटलं, तू जन्मायच्या आधीपासून मी हा रस्ता चालवतेय. ती म्हणाली, म्हणूनच विचारलं. जिभेला हाड नाही हिच्या. कोणावर गेली कोण जाणे.

टपावर दोन बोर्ड. मी ते करड्या ब्लँकेटनं झाकले. बोर्ड दिसले की लोक मागे लागतात, ही सर्फरांची जात आहे. अनोळखी वळणावर एक गाडी उभी दिसली, वर बोर्ड दिसला, की संपलं, मागोमाग पाच थांबतात. मर्व लाँड्रीला जाताना कधी उघडे बोर्ड नेत नसे. टेगन म्हणते, पण नॅन, व्हॅन पिवळीधमक आहे, अख्खा किनारा ओळखतो. मी म्हटलं, व्हॅन ओळखतात, आत काय आहे ते थोडंच ओळखतात.

अँगलसीला बेकरीत थांबलो. तिथली रेलीन पूर्वी माझ्याबरोबर वेटसूटच्या कारखान्यात होती, सर्फर पाण्यात घालतात ते रबरी कपडे. मी शिवणीला डिंक लावायचे, ती पाय कापायची, म्हणजे वेटसूटचे. तिनं विचारलं, कुठे निघाल्या आजी-नात? मी म्हटलं, सांगणार नाही. ती म्हणाली, बरं, खिमा भरलेले मीट-पाय गरम देऊ का? आता इतकी जुनी मैत्रीण, आणि पुढे एक शब्द विचारत नाही. मला राग आला. मी म्हटलं, तुला जाणून घ्यायचं नसेल तर राहू दे, पण शनिवारी ही पोरगी अशी लाट घेणार आहे जी मर्वखेरीज कोणी घेतली नाही, आणि ती केप ऑटवेच्या अलीकडे नाही, एवढंच सांगते. मागे रांगेत काही माणसं होती. ती मीट-पाय घ्यायला आली होती, ऐकायला नाही.

रेलीन पोटातलं ओठावर आणणारी नाही.

१७ एप्रिल, बुधवार. लॉर्न.

ब्लँकेट उडालं. एअरीज इनलेटच्या पुढे. मागच्या गाडीच्या काचेवर जाऊन बसलं. त्या माणसानं गाडी थांबवून काय काय म्हटलं ते कागदावरही लिहिण्यासारखं नाही. मी शांतपणे उत्तर दिलं. टेगन म्हणते, नॅन, रस्त्याचं काम करणाऱ्यांनी मशिन बंद करून ऐकलं. बरं, मग चांगला विसावा मिळाला त्यांना.

पुढे या रस्त्याचं नाव लिहिलेली ती लाकडी कमान. तिच्याखाली भाड्याच्या गाडीवाले रस्त्याच्या मध्यावर उतरून फोटो काढतात. हात पसरून उभे राहतात. मी हॉर्न दिला. त्यांनी हसून मलाही हात केला. डोक्यात तिडीक गेली. उतरून सांगून आले. ते कुठल्या देशाचे होते, त्यांना माझं बोलणं समजलं की नाही माहीत नाही, पण गाडी काढली.

आणि हळू गाड्यांनी बाजूला व्हा अशा पाट्या जागोजागी लावल्यात. मागे लांबलचक रांग होती तरी त्यातला एकही बाजूला होत नव्हता. टेगन म्हणाली, नॅन, हळू गाडी आपण आहोत. मी म्हटलं, आपण हळू नाही, आपण नीट आहोत. मग ती खिडकीबाहेर बघत राहिली. ते बरं. समुद्र बघावा.

लॉर्नला पेट्रोल भरताना एक जण भेटला. केस सोनेरी, वय माझ्या क्रेगएवढं, गळ्यात शार्कचा दात. मला सांगतो, आज्जे, या किनाऱ्यावरची प्रत्येक लाट मी घेतलीय. प्रत्येक. माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, बाळा, जोहानाच्या पलीकडे कधी गेलास का, जिथे गाई पाण्याकडे तोंड करून चरतात? तो म्हणाला, हो का? मी लगेच गप्प झाले. जीभ आवरणं म्हणतात ते हे. टेगननं कपाळाला हात लावला होता. उन्हानं असेल.

ठरवलं: उद्यापासून अनोळखी पुरुषांशी बोलायचं नाही.

१८ एप्रिल, गुरुवार. अपोलो बे.

केनेट रिव्हरला झाडाखाली माणसं कोआला बघत रस्त्यात उभी. कोआला झोपलेला. तो कायमच झोपलेला असतो. वळणावर अचानक ब्रेक मारावा लागला, मागे भांडी कोसळली, चहाच्या थर्मासचं झाकण फुटलं. मर्वचा थर्मास. मी खाली उतरले. टेगनही उतरली, मला आत ढकलायला. नर्स आहे, हात जड आहे तिचा.

थर्मासला चिकटपट्टी लावली. चालेल.

सकाळी टेगननं इथल्या किनाऱ्यावर लहान लाटा घेतल्या. बाहेर येऊन विचारते, पाहिलंस का नॅन? मी पाहिलं म्हटलं. तेवढ्यात एका बाईचं कुत्रं आमच्या बटाटेवड्यांपाशी आलं होतं, वडे म्हणजे माशाच्या दुकानातले ते बटाट्याचे चपटे. त्या बाईला दोन शब्द सांगणं भाग होतं. एका वेळी माणूस किती ठिकाणी बघणार? मर्वचंही तेच. पाण्यातून निघाला की पहिला प्रश्न, पाहिलंस का? अरे बाबा, बटाटे कोण सोलणार, माशा कोण हाकलणार, रेडिओवर तो मंत्री बरळतोय त्याला उत्तर कोण देणार? मी पाहिलं म्हणायचे. तो हसायचा. खूश असायचा.

दुपारी बोल्सच्या क्लबात दोघी जेवायला गेलो. या गावातल्या म्हाताऱ्या गवतावर चेंडू लोटतात आणि स्वतःला खेळाडू समजतात. ग्लॅडिस म्हणाली, नोला, तू कुठेतरी गुपचूप चाललीयस असं ऐकलं. मी म्हटलं, कोणाकडून? ती म्हणाली, सगळ्यांकडून. माझा संताप झाला. रेलीन अशी निघेल असं वाटलं नव्हतं. मी साफ सांगितलं, नाव काढणार नाही. मग त्या एकेक जागा विचारायला लागल्या. मी तोंड उघडलं नाही. नुसती मान हलवली. नाही, नाही, नाही. मग प्रिन्सटाउनच्या अलीकडे का, असं कोणीतरी विचारलं, तेव्हा मान हलवायची राहिली, कारण घास घशाशी होता. त्याला मी काय करू?

सगळ्या हसल्या. हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. म्हाताऱ्या झाल्यात.

संध्याकाळी टेगन म्हणाली, नॅन, एक विचारू? पॉप जाताना तुला नक्की काय म्हणाला? मी म्हटलं, कोणीतरी लाट घ्यावी. आणि? आणि मी बघावं. ती म्हणाली, मग एवढंच कर ना. बाकीचं जग सुधारायला पुढचा महिना आहे. मी म्हटलं, जग माझ्या अंगावर येतं, मी त्याच्या अंगावर जात नाही.

रक्तदाब बघू का म्हणाली. मी नको म्हटलं.

१९ एप्रिल, शुक्रवार. जोहाना.

आज लिहिताना पेन कागदातून आरपार जातंय.

जंगलातून चढण, लेव्हर्स हिल, मग खाली उतरून जोहानाला आलो. गवतावर व्हॅन लावली, शेजारी टेगननं तिचा तंबू ठोकला. उद्याची लाट आत्ताच येऊ लागलीय, पाण्याचा आवाज बदललाय. मर्व वासावरून सांगायचा. टेगन फोनवर बघते. दोघांचं उत्तर एकच, उद्या सकाळी.

तिथे दोन पोरं बोर्डाला मेण घासत उभी होती. एक माझ्याकडे बघून म्हणाला, काय आज्जी, उद्या लाँड्रीला का?

लाँड्री. हाच शब्द. माझ्या नवऱ्याचा शब्द, त्याच्या तोंडात, चुइंगम चघळत.

मी टेगनकडे वळले. म्हटलं, तूच. त्या फोनवर दिवसभर टकटक करतेस, तूच टाकलंस. तुझ्या पॉपनं चाळीस वर्षं जपलं आणि तू चार दिवसांत चव्हाट्यावर मांडलंस. आणखीही म्हटलं. अ‍ॅलिस स्प्रिंग्जबद्दल म्हटलं, समुद्र सोडून जाणाऱ्याला लाट कशाला हवी असंही म्हटलं. आवाज चढवला नाही. लोकांनी तंबूतून डोकी बाहेर काढली, पण ती वारा पडला होता म्हणून.

टेगननं फोन खिशात टाकला. मग म्हणाली, नॅन, बेकरीत रांगेला सांगितलं कोणी? पेट्रोल पंपावर गाईंची गोष्ट कोणी काढली? बोल्सच्या म्हाताऱ्यांसमोर मान कोणी हलवली? मी म्हटलं, मी नाव काढलं नाही. लाँड्री हे नाव मी उच्चारलेलं दाखव. ती म्हणाली, मी पण नाही. मी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा.

मग ती अगदी हळू बोलली. म्हणाली, मला नकोच ती लाट. उद्या सकाळी घरी जाऊ. बाबाला फोन करते. आणि आपला तंबू उचलून पार टोकाला, शौचालयापाशी नेऊन ठोकला.

म्हणजे बघा. ज्या माणसासाठी एवढ्या लांब आले, त्याला नाही म्हणायचं. मर्वला मी काय तोंड दाखवू? आणि जेवणसुद्धा झालं नाही तिचं.

मी माफी मागणाऱ्यातली नाही. चूक नसताना मागितली की माणसं शेफारतात. अंडी उकडली. दोन तिच्या तंबूसमोर नेऊन ठेवली, टोस्टच्या कडा काढून. तिला कडा आवडत नाहीत, लहानपणापासून. तिला वाटेल दुसऱ्याच कोणी ठेवली.

२० एप्रिल, शनिवार. सकाळी लवकर, जोहाना.

अंडी संपली होती. टेगन वेटसूट घालून व्हॅनपाशी उभी होती. म्हणाली, नॅन, मी पॉपसाठी जातेय, तुझ्यासाठी नाही. मी म्हटलं, मीठ पुरेसं होतं का? ती म्हणाली, कमी होतं.

चला. आज तोंड बंद. आज नुसतं बघायचं.

२० एप्रिल, शनिवार. दुपार, लाँड्री.

जे झालं ते क्रमानं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

कच्च्या रस्त्यानं क्लेमच्या गेटपाशी आलो. क्लेम हा गोठेवाला, कुरण त्याचं. गेटवर पत्र्याची पाटी. वर ब्रशनं रंगवलेलं: लाँड्रीचं पार्किंग डावीकडे, गेट लावा. रंग नवा नव्हता. उन्हानं पापुद्रे निघालेले. मला वाटलं डोळे फिरले.

आत गाड्या. कुरणभर गाड्या. मर्व आणि मी चाळीस वर्षं आलो तेव्हा इथे गाई सोडून चिटपाखरू नसायचं. पाण्यात डोकीच डोकी, खडकावरचे सील बसावेत तशी. लॉर्नचा तो शार्कच्या दातवाला, ती चुइंगमवाली पोरं, सगळे.

मला ओरडायचं होतं. ओरडले नाही. टेगननं माझ्याकडे बघितलं, मी खुर्ची काढली. कड्यावर, मर्व पाण्यात उतरायचा त्या वाटेच्या वर मांडली. थर्मास, ब्लँकेट, टोपी. बसले. तिला म्हटलं, जा. ती म्हणाली, बघशील? मी म्हटलं, दुसरं काय करणार इथे?

ती उतरली. वल्हवत गेली आणि सगळ्यांच्या कडेला जाऊन बसली. तसंच असतं. नव्यानं आधी कडेला बसायचं, जागेवरच्यांची पाळी होऊ द्यायची, लाटेच्या उंचवट्याला जो सगळ्यांत जवळ तिचा मालक तो. हा नियम मोडला तर दात हातात येतात. चांगली लाट आली, दुसऱ्यानं घेतली. आणखी आली, तीही गेली. ती बसून. लाटा अशा होत्या की मर्व असता तर मुलासारखा नाचला असता. उत्तरेचा वारा त्यांना समोरून धरून उभं करत होता, आणि माझी नात काठावर, लग्नात न बोलावलेल्या पाहुण्यासारखी.

मी खुर्चीचे हात धरून बसले. ओठ चावला. बघत होते. हे लिहून ठेवते, बराच वेळ बघत होते.

तेवढ्यात मागे गाडी आली. पांढरी, मोठी, चकचकीत. आत शिरली आणि गेट उघडं टाकून पुढे. गेट उघडं. या मुलखात पाळण्यातलं पोरही जाणतं, गेट जसं मिळेल तसं ठेवायचं. दोन गाई बाहेर निघाल्याही. मी काय करायला हवं होतं? बसून राहायला हवं होतं? गाई रस्त्यावर जाऊन मरू द्यायला हव्या होत्या?

गेले. गाई वळवल्या. गेट लावलं. मग त्या गाडीवाल्याला धरलं. त्याला जे सांगायचं ते सांगितलं. त्याच्या आईवडिलांनी त्याला कुठल्या गोठ्यात वाढवलं तेही विचारलं, आणि गोठ्यात वाढला असता तर गेट लावलं असतं हेही. तो सॉरी सॉरी करत मागे सरकत होता. एवढ्यात क्लेम त्याच्या चारचाकी क्वाड बाइकवरून आला. मी त्यालाही सोडलं नाही. म्हटलं, लाज नाही वाटत, मर्वच्या जागेवर पाटी लावून बाजार मांडलास? मेलेल्या माणसाचं गुपित विकलंस?

क्लेम नव्वदीला टेकलाय. बाइक बंद केली, टोपी मागे सारली आणि म्हणाला, बाई, कसलं गुपित?

मी म्हटलं, लाँड्री.

तो म्हणाला, नोला, तू चाळीस वर्षं या कड्यावर उभी राहून त्याला जेवायला हाक मारायचीस. मऽऽर्व. मटण निवतंय. माझ्या गाई दूध चोरायच्या. पार प्रिन्सटाउनला लोक घड्याळं लावायचे. लाँड्रीतून निघतोस की मी येऊ, असंही ओरडायचीस. नाव तूच सांगितलंस सगळ्यांना.

मी म्हटलं, मग कोणी आलं का नाही कधी?

तो म्हणाला, यायचे की. गेटपर्यंत यायचे, पिवळी व्हॅन दिसली की उलटे फिरायचे. मर्वला काय, तो गरीब, त्यानं बोलावून घेतलं असतं. तुझ्यापुढे कोण येणार? एकदा एक जण आला होता बिचारा. तू त्याच्याशी बोललीस. तो नंतर गोल्फ खेळायला लागला.

मी म्हटलं, मर्वला हे ठाऊक होतं?

क्लेम म्हणाला, त्याला ठाऊक नसेल कसं? तोच म्हणायचा, तिला कळू देऊ नका. तिला वाटतं ही एक गोष्ट तिनं पोटात ठेवलीय. आयुष्यात तेवढीच ठेवलीय, तेव्हा राहू द्या.

मला इतका राग आला. मर्वचा. क्लेमचा. या सगळ्या किनाऱ्याचा, चाळीस वर्षं मला हसत बसला त्याचा. मी क्लेमला सांगायला लागले की माझा आवाज मुळात बारीक आहे, शाळेत मला गाण्यात मागे उभं करायचे, आणि मटण निवतंय असं मी म्हणेनच कशी, मर्वला मटण गार आवडायचं. हे सांगता सांगता खालून आवाज आला.

शिट्ट्या. आरोळ्या. पाण्यातले सगळे एकदम. शार्कच्या दातवाला बोर्डावर बसून दोन्ही हात हवेत.

मी वळले. कड्याकडे गेले, या गुडघ्यांनी जितकं लवकर जाता येतं तितकं. खाली फेस. नुसता पांढरा फेस, खडकापासून वाळूपर्यंत, आणि त्याच्या शेवटी, अगदी शेवटी, एक काळं डोकं. टेगनचं.

खुर्ची रिकामी, समुद्राकडे तोंड करून.

वर आली तेव्हा तिचे ओठ निळे आणि चेहरा असा की तो मर्वचा होता. म्हणाली, नॅन, तो दातवाला ओरडला, पिवळ्या व्हॅनवाल्यांना आधी, ही मर्वची नात. सगळे थांबले. सगळे बाजूला झाले, नॅन. आणि मग ती लाट आली. तशी मी आयुष्यात घेतली नाही. भिंत होती, मी तिच्या आत होते, बाहेर कसलाच आवाज नव्हता.

मग म्हणाली, पाहिलंस ना?

मी पाहिलं म्हटलं.

ती म्हणाली, शेवटी मी तुला हात केला, तो?

मी म्हटलं, पाहिला की.

तिनं टॉवेल डोक्यावर घेतला आणि बराच वेळ केस पुसत राहिली. मग आतूनच म्हणाली, हात मी केलाच नव्हता, नॅन. पॉपनं सांगून ठेवलं होतं मला, तुझी आजी पाहिलं म्हणाली की काय पाहिलं ते विचारायचं नाही.

थर्मासमधला चहा दिला. चिकटपट्टीतून गळत होता. तरी ती प्याली.

पुन्हा पाण्यात जायला तिचे हात उरले नव्हते. थोड्या वेळानं वारा फिरला, लाटा विस्कटल्या, गाड्या एकेक करून निघाल्या. प्रत्येकानं गेट लावलं. जाताना मला हात करत होते. तिडीक आणणारी माणसं.

मी टेगनला म्हटलं, उद्या सकाळी परत येऊ. उद्या मी बघते. गाई मेल्या तरी.

ती बरं म्हणाली.

२१ एप्रिल, रविवार. लाँड्री.

समुद्र सपाट. इस्त्री केल्यासारखा. टेगननं रात्रीच फोनवर बघितलं होतं, मला सांगितलं नाही. तरी आली. तरी वेटसूट घातला, तरी वल्हवत गेली, आणि मर्व जिथे बसायचा तिथे जाऊन बोर्डावर बसली.

गाडी एकही नाही. माणूस नाही. गाईही दुसऱ्या कुरणात.

मी सकाळभर बघत बसले. मान वळवली नाही. एक माशी नाकावर बसली, बसू दिली. लाट आली नाही. एक उंचवटासा आला, तिला थोडा वर उचलून खाली ठेवून गेला. तो पाहिला.

रक्तदाब टेगननं मग घेतला. चांगला निघाला. म्हणाली, नॅन, आज काय वेगळं केलंस? मी म्हटलं, कोणावर ओरडले नाही. ओरडायला कोणी नव्हतं.

पाण्यातून बाहेर निघण्याआधी तिनं मला हात केला होता. या वेळी खरंच केला. मीही केला.